चौदा अँपिअर: गावभागातल्या एका जुन्या गेमिंग संगणकाचं प्रकरण

२०२४ची दिवाळी दहा-बारा दिवसांवर आलेली. सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात एक मुलगा मोबाइलवर फोटो उघडूनच आत शिरला. "दादा, हे आरटीएक्स ४०६० बसवायचंय. कधी येईल?" इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. मागोमाग त्याचे वडील आले. मार्केट यार्डात बेदाण्याचा व्यापार. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणायला लागलो. अण्णांनी आल्या आल्या आकडा सांगून टाकला. तीस हजार, त्याच्या वर नाही.

ग्राफिक्स कार्डाबद्दल, म्हणजे गेमचं चित्र तयार करणाऱ्या भागाबद्दल, बोलायच्या आधी मी विचारलं, "एसएमपीएस कुठला आहे रे?"

"कॅबिनेटबरोबर आलेला."

एसएमपीएस म्हणजे संगणकाच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. हे उत्तर मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. म्हटलं, फोटो ठेव खिशात आणि मशीन घेऊन ये.

मशीन २०१७ सालचं, इथेच असेंबल केलेलं. इंटेलचा आय ५-७४०० प्रोसेसर, म्हणजे चार कोअर (काम करणारे भाग) आणि चारच थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). एच ११० चिपसेटचा साधा मदरबोर्ड, आठ जीबी रॅमची एकच पट्टी, एक टीबीची हार्ड डिस्क आणि एनव्हिडिआचं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, चार जीबीवालं. त्या काळात या किमतीत याहून शहाणी जोडणी मीही केली नसती. स्क्रीन १०८० पी (१९२० बाय १०८० ठिपके), ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साठ चित्रं दाखवणारी. तळाच्या पत्र्यावर गंजाचे ठिपके होते. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा हा डबा माळ्यावर चढवला होता, तिथे पंधरा दिवस ओल्या भिंतीला टेकून राहिला. पाण्यात गेला नाही एवढंच.

तक्रार अशी, की सायबरपंक २०७७ हा गेम "अडकतोय". फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, सरासरीनं कमी पडणं वेगळं आणि मध्येच अर्धा सेकंद चित्र गोठणं वेगळं. मुलगा दोन्हीला अडकणंच म्हणत होता. त्याचा दोष नाही, सगळेच म्हणतात. पण औषधं दोन्हींची वेगळी असतात, म्हणून आधी मोजायला बसलो.

आहे त्याच कार्डावर केलेली चाचणी

फ्रेम, कार्डाचा वापर, प्रोसेसरचा वापर आणि मेमरी हे आकडे खेळता खेळता स्क्रीनच्या कोपऱ्यात दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर मिळतं, ते टाकलं. गेममधला गर्दीचा एक बाजार ठरवला आणि प्रत्येक वेळी त्याच रस्त्यानं चालत गेलो. १०८० पीवर, सगळं कमीत कमी ठेवून, २७-२८ फ्रेम. कार्ड ९९ टक्के राबतंय, त्याची चार जीबी मेमरी काठोकाठ. इथवर मुलगा खूश. "बघा, कार्डच कमी पडतंय की."

मग रिझोल्यूशन १२८० बाय ७२० केलं. गर्दीची सेटिंग मात्र होती तीच ठेवली, कारण गर्दीचं ओझं प्रोसेसरवर पडतं आणि ती कमी केली तर चाचणीच खोटी ठरते. चित्र लहान झालं की कार्डाचं काम हलकं होतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. फ्रेम ३८वर गेल्या आणि तिथेच थांबल्या. कार्ड आता ७० टक्क्यांवर आरामात आणि प्रोसेसरचे चारही कोअर शंभरावर. म्हणजे या डब्यात जगातलं सर्वात महाग कार्ड आणून बसवलं तरी या बाजारात ३८च मिळणार.

ही चाचणी फुकट आहे, दहा मिनिटांची आहे, आणि कार्ड विकत घेण्याआधी ती करणारं गिऱ्हाईक मी क्वचितच पाहिलंय. आम्ही दुकानदारही ती आपणहून दाखवत नाही, कारण दाखवली की विक्री लांबणीवर पडते. आमच्या धंद्याबद्दल एवढं बोललेलं पुरे.

या गेमचं २.० अपडेट २०२३च्या सप्टेंबरमध्ये आलं तेव्हा कंपनीनं किमान गरजाच वाढवल्या. प्रोसेसर आय ७-६७००, रॅम १२ जीबी आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क. आपला आय ५ त्याहून एक पिढी पुढचा असला तरी त्याचे थ्रेड निम्मे. रॅम आठ. डिस्क फिरणारी. किमान यादीतल्या तीन गोष्टींत आपण नापास, आणि खरेदी करायला निघालो होतो चौथी.

गोठण्याचं कारणही त्यातच सापडलं. आठ जीबी रॅम भरली की विंडोज उरलेला माल हार्ड डिस्कवर ठेवतं. तो परत आणायला डिस्कची सुई धावते आणि तेवढा वेळ चित्र उभं राहतं. शिवाय रॅमची एकच पट्टी असल्यानं मेमरीचा रस्ताही एकपदरी.

लेबल

आता एसएमपीएस. बाहेर काढून अण्णांच्या हातात दिला. वरती ठळक अक्षरांत ४५० वॅट. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर.

"अण्णा, गुणाकार करा."

व्यापारी माणूस, कागद लागला नाही. "एकशे अडुसष्ट."

संगणकातले खरे खादाड म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, आणि दोघंही १२ व्होल्टवरच जेवतात. बाकी व्होल्टचे आकडे मिळवून डब्यावर कितीही मोठी बेरीज छापली तरी आपल्या उपयोगाचे १६८च. प्रोसेसर ६५ वॅटचा, १०५० टीआय ७५चं, बोर्ड, डिस्क आणि पंख्यांचे वीस-तीस. सात वर्षं हा बिचारा काठावरून चालत होता. १०५० टीआयला वेगळी वायर लागत नाही, ते स्लॉटमधूनच ७५ वॅट घेतं, म्हणून आजवर कुणाला कळलंच नाही.

बहुतेक मोठ्या कार्डांना सहा किंवा आठ पिनची वायर लागते. सहा पिनवर ७५ आणि आठ पिनवर १५० वॅट देता येतात. या एसएमपीएसला त्यातली एकही नव्हती. मुलगा म्हणाला, "साटाच्या वायरवरून आठ पिन करणारा कन्व्हर्टर मिळतो की, दीडशे रुपयाला." मिळतो. पण साटाच्या, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या, जोडात १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि एकेक दीड अँपिअरची. सगळ्या मिळून ५४ वॅट. त्यातून दीडशे ओढायचे म्हणजे प्लास्टिक वितळणार. माझ्याकडे तसा एक काळा पडलेला जोड काचेखाली ठेवलेला आहे, तो दाखवला. विषय संपला.

कार्ड कुठलं

आरटीएक्स ४०६० वाईट नाही. ११५ वॅटचं, आठ जीबीचं चांगलं कार्ड आहे. पण तेव्हा ते २८-२९ हजारांत पडत होतं. एसएमपीएसलाही पैसे उरले नसते आणि फ्रेम ३८वरच अडकल्या असत्या. नाकापेक्षा मोती जड.

मुलाची दुसरी पसंती जुन्या मालातलं एएमडीचं आरएक्स ५८०, सहा हजारांत. २०२२च्या १५ सप्टेंबरला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डं राबवून नवी नाणी मिळवणं) बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. त्यातली कित्येक धुऊनपुसून अजून फिरतायत. ते खातं १८५ वॅट. शिवाय ५८०च्या नावाखाली २३०४ऐवजी २०४८ कोअरचंही कार्ड विकलं जातं, वरून बघून कळत नाही. जुनं कार्ड मी नाहीच म्हणत नाही, पण समोर लावून अर्धा तास चालवून दाखवत असेल तरच. पत्त्यावर येणाऱ्या पार्सलातून घ्यायचं नाही.

तिसरं होतं एएमडीचंच आरएक्स ६५०० एक्सटी. नवं, वॉरंटीचं, स्वस्त. जुन्या संगणकवाल्यांसाठी मला हाच खरा सापळा वाटतो, म्हणून इथे थोडा थांबतो. कार्ड बसतं त्या पीसीआय एक्स्प्रेसच्या मोठ्या स्लॉटमध्ये माहिती ने-आण करणारे १६ पदर असतात, हे कार्ड त्यातले चारच वापरतं. चौथ्या पिढीच्या बोर्डावर ते एकवेळ चालून जातं, कारण तिथे प्रत्येक पदराचा वेग दुप्पट असतो. आपला बोर्ड तिसऱ्या पिढीचा, त्यामुळे सेकंदाला जेमतेम चार जीबी. कार्डाची स्वतःची मेमरीही चारच जीबी. ती भरली की उरलेला माल रॅममधून याच बोळातून आणायचा. म्हणजे ज्याच्याकडे जुना बोर्ड आहे, त्यालाच हे स्वस्त कार्ड सर्वात महाग पडतं. वर त्यात व्हिडिओ एन्कोड करायची, म्हणजे तयार व्हिडिओ दाबून फाइल बनवायची, सोयच नाही, आणि हा मुलगा गणपतीत मंडळाचे व्हिडिओ एडिट करून देतो.

इंटेलचं आर्क ए ७५० भावात बसत होतं. त्याला रिसायझेबल बार नावाची सोय बोर्डात लागते, नसेल तर कार्ड बरंच मंदावतं. आमच्या एच ११०वर ती नव्हती. सोडलं.

ज्याला एसएमपीएस बदलायचाच नाही त्याच्यासाठी ७० वॅटचं, वायर न लागणारं आरटीएक्स ३०५०, सहा जीबीवालं, हा प्रामाणिक पर्याय आहे. पण सात वर्षं थकलेल्या १४ अँपिअरवर तेही लावायला माझं मन होईना.

उरलं एएमडीचं आरएक्स ६६००. आठ जीबी, १३२ वॅट. हे आठ पदर वापरतं, तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर सेकंदाला आठ जीबीच्या आसपास मिळतात आणि तोटा किरकोळ राहतो. मुलाला विचारून घेतलं, कॉलेजात कूडावर, म्हणजे फक्त एनव्हिडिआच्या कार्डांवरच्या प्रणालीवर, चालणारं काही शिकायचंय का? तसं असतं तर मी एनव्हिडिआचंच सुचवलं असतं, फ्रेम कमी मिळाल्या तरी. नाही म्हणाला.

हिशेब मांडला. कार्ड साडेएकवीस हजार, ५५० वॅटचा ब्राँझ प्रतीचा एसएमपीएस ४,२००, आठ जीबी रॅमची दुसरी पट्टी १,६००, पाचशे जीबीची एसएसडी २,८००. एकूण ३०,१००. प्रोसेसरसाठी जुना आय ७-७७०० साडेसात हजारांत मिळत होता. याच बोर्डावर बसतो, चार कोअर पण थ्रेड आठ. अण्णांनी तिथेच हात वर केला. "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला होतोय बघा. ते नंतर."

मी हट्ट धरला नाही. फक्त एका चिठ्ठीवर "४४" लिहून ती अण्णांच्या खिशात घातली.

जोडणी

कार्ड पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं आलं, जीएसटीच्या पक्क्या बिलासह. तोवर रॅम आणि एसएसडी बसवून घेतली होती. जुन्याच कार्डावर ७२०ची चाचणी पुन्हा केली, ३८चे ४४ झाले. गोठणं तर जवळपास थांबलंच. मुलगा म्हणाला, "एवढंच केलं असतं तरी वर्षभर चाललं असतं." खरंय, आणि ज्यांची पिशवी हलकी आहे त्यांनी इथेच थांबावं.

कार्ड बसवण्यात फारसं सांगण्यासारखं नाही. डिस्कचा पिंजरा काढल्यावर लांबीला बोटभर जागा उरली. एनव्हिडिआचा जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन समूळ काढला, त्या वेळी इंटरनेटची वायर काढून ठेवली, नाहीतर विंडोज आपल्या मनानं काहीतरी टाकून बसतं. जुन्या स्लॉटच्या पट्ट्या पुराच्या ओलीनं काळवंडल्या होत्या, त्या कॉन्टॅक्ट क्लीनरनं पुसल्या.

चालू केलं. १०८० पी, सगळं हाय. बाजारात ४३-४४ फ्रेम. कार्ड ६० टक्क्यांवर पेंगतंय.

अण्णांनी खिशातून चिठ्ठी काढली, वाचली, परत घडी घातली. "तो आय ७ आणा."

१०५० टीआय साडेचार हजारांना गेलं, आय ५ दोन हजारांना. जुना प्रोसेसर घेताना मला फारशी धास्ती नसते, कारण या सॉकेटमध्ये वाकणाऱ्या पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरच्या पोटाला सपाट ठिपके असतात. पिढीही तीच, त्यामुळे बायोसला, म्हणजे बोर्डातल्या मूळ प्रोग्रामला, हात लावावा लागला नाही. त्याच रस्त्यानं पुन्हा चाललो. साठ-बासष्ट. फारच गर्दी असली की पंचेचाळीसपर्यंत खाली, पण गोठत नाही. स्क्रीन ६० हर्ट्झची, त्याहून जास्त काढून दाखवायचं कुणाला? ६०वर मर्यादा घालून दिली, म्हणजे कार्डही थंड राहतं.

माझी मजुरी हजार धरून निव्वळ ३२,१००. अण्णांनी बत्तीस दिले आणि शंभराच्या बदल्यात पाव किलो बेदाणा.

जे मी विचारलं नव्हतं

चौथ्या दिवशी फोन. "दादा, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. आणि काल लाइट गेली तर यूपीएस असून मशीन बंद पडलं."

दोन्ही चुका माझ्या. दुकानातल्या टेबलावर सगळं चाललं म्हणून मी घरचा प्लग बघितलाच नव्हता.

गावभागात गेलो. जुनं घर. मल्टिमीटरची एक कांडी कॅबिनेटच्या स्क्रूला, दुसरी न्यूट्रलला लावली, ११० व्होल्टच्या आसपास. आकडा बघून अण्णा दचकले. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले. अर्थिंग असेल तर त्यांची गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध तरंगतो, म्हणजे २३०च्या निम्म्यावर. करंट अगदी थोडा, जीव जात नाही, पण कार्डाला आणि एचडीएमआयच्या पोर्टला हे रोजचं चांगलं नाही. आणि एसएमपीएस आतून बिघडलाच तर वाचवणारं कुणी नाही. जुना एसएमपीएस इतका हलका होता की बहुधा त्यात हा फिल्टर पुरता नव्हताच. म्हणून सात वर्षं मुंग्या आल्या नाहीत आणि चांगला माल लावल्यावर आल्या.

वायरमनला बोलावलं. महापुरानंतर या घराचा मीटर बोर्ड वर सरकवला होता. त्या कामात खालची अर्थिंगची तार तोडली गेली आणि वर जोडायची राहूनच गेली. पाच वर्षं फ्रिज, मिक्सर, गिझर सगळं घर तसंच चाललं होतं. अण्णा बराच वेळ गिझरकडे बघत उभे राहिले. नवी तार ओढून, खड्डा करून अर्थिंग घातलं. या प्रकरणातलं सर्वात मोलाचं काम कुठलं म्हणाल तर मी हेच म्हणेन, आणि त्याचा ग्राफिक्स कार्डाशी काडीचा संबंध नाही.

यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे खरे ३६० वॅट. गेम चालू असताना मशीन आणि स्क्रीन मिळून अडीचशेच्या वर जात होते. कागदावर बसतं, पण बॅटरी चार वर्षांची. दुसरं असं, की लाइट गेल्यावर हे स्वस्त यूपीएस पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात आणि चांगल्या एसएमपीएसमधल्या ॲक्टिव्ह पीएफसी नावाच्या सर्किटला ती कधी कधी रुचत नाही, एसएमपीएस सरळ बंद होतो. जुन्या एसएमपीएसला असले नखरे नव्हते. दुकानातला १,००० व्हीएचा यूपीएस दोन दिवस लावून पाहिला, चार वेळा मेन बंद केला, तग धरला. मग तसाच एक नवी बॅटरी घातलेला बसवला. त्यावर मी नफा घेतला नाही. विचारायचं मीच विसरलो होतो.

वर्षानंतर

एप्रिलच्या उन्हात आय ७ पंच्याऐंशी अंशांवर जायला लागला म्हणून पुढे १२० मिलिमीटरचा एक पंखा वाढवला. बाकी तक्रार नाही.

२०२५च्या १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा नियमित आधार संपला. आय ७-७७०० विंडोज ११च्या अधिकृत यादीत बसत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. वर्षभराच्या वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, तिच्यावर सध्या चाललंय. त्याच सुमारास १०५० टीआयच्या पिढीला नियमित गेम ड्रायव्हर देणंही एनव्हिडिआनं थांबवलं. आमचं वेळेत विकलं गेलं.

पुढचा टप्पा ठरलेला आहे. एएमडीचा रायझन ५ ५६०० आणि त्याचा बोर्ड. रॅम डीडीआर ४ असल्यानं हीच पुढे चालेल. २०२५च्या अखेरीला रॅमचे भाव भडकल्यावर ती १,६००ची पट्टी फारच शहाणपणाची वाटायला लागलीय, पण ते नशीब, माझी दूरदृष्टी नव्हे. कार्ड, एसएमपीएस, एसएसडी, यूपीएस सगळं सोबत जाणार. अडकणारे पैसे फक्त आय ७चे, साडेसात हजार. तेव्हाच दहा-बारा हजार आणखी घालून थेट रायझनवर जायला हवं होतं का, यावर माझं मन अजून दोन्हीकडे झुकतं. तीस हजारांवर ठाम असलेल्या माणसाला पन्नासकडे नेणं मला जमलं नसतं, आणि न्यावं असंही वाटलं नव्हतं.

परवा अण्णा येऊन गेले. तो आय ७ आणि जुना बोर्ड निघाला की यार्डातल्या पेढीवर बिलिंगला लावायचा म्हणतात. तिथे ग्राफिक्स कार्ड लागणारच नाही. जुना १४ अँपिअरवाला एसएमपीएस माझ्याकडे खिळ्याला टांगलेला आहे. म्हटलं, त्या कामाला हाही चालेल की, फुकट देतो.

"नको," अण्णा म्हणाले, "तो तिथंच टांगलेला राहू दे. नवा सांगा. अन् आधी वायरमनला पेढीवर पाठवा."